बढाईखोराशी क्रॉसिंग

कोकण रेल्वेत खिडकी मिळणं नशिबात असावं लागतं. समोर कोण बसणार, हे मात्र पूर्वजन्मीचं पाप ठरवतं. मार्ग बराचसा एकेरी, त्यामुळे पलीकडून गाडी यायची असली की आपली गाडी एखाद्या आडस्टेशनात मुकाट उभी राहते. या क्रॉसिंगची बढाईखोर वाटच बघत असतो. श्रोता उतरून पळणार कुठे? खाली करवंदीच्या जाळ्या.

माझ्या वाट्याला आलेले गृहस्थ मस्कतहून परतलेले, कणकवलीला उतरणारे. उक्शी सुटल्यावर करबुड्याचा बोगदा लागला. साडेसहा किलोमीटरचा अंधार, तेवढ्यात तरी गप्प बसतील म्हटलं. पण अंधारातून आवाज आला, "ह्यो बोगदो आमच्या मामान फोडल्यान. इंजिनियर म्हणालो, मामा, तुमी नसतास तर गाडी मुंबयतच ऱ्हवली असती."

फारसीत 'खोर' म्हणजे खाणारा. लाचखोर लाच खातो. त्या हिशेबाने बढाईखोराने बढाई खायला हवी. प्रत्यक्षात तो पंगतीतल्या यजमानासारखी ती आग्रह करकरून दुसऱ्याला वाढतो आणि स्वतः आपलं डोकं खातो. यांनी वर माझी शेवही खाल्ली.

शेखी हा शब्द तर यांच्यासाठीच आला असावा. अरबीत शेख म्हणजे वडीलधारा, टोळीचा म्होरक्या. त्याला 'ई' लागून शेखी झाली, आणि फारसीच्या वाटेने आपल्याकडे पोचेपर्यंत म्होरकेपण गळून नुसता तोरा उरला. शब्द एकदाच आला; माल मात्र आखातातून अजून दर विमानाने उतरतो.

रत्नागिरीला फलाटावर आंब्याच्या पेट्या दिसल्या आणि मी, दुर्दैवाने, हापूस हे नाव पोर्तुगीज अफोन्सो द अल्बुकर्कवरून पडल्याचं बोलून गेलो. "तर! त्येका कलम बांधूक आमच्या पणजोबान शिकवल्यान!" अल्बुकर्क वारला 1515 साली. पणजोबांच्या वयाचा हिशेब मी मनातल्या मनात केला नि सोडून दिला. लोणी कढवून काढलेलं ताजं तूप ते लोणकढी, आणि थापही तशीच ताजी असली तर लोणकढी. या थापेत सत्याची भेसळ नावालाही नव्हती.

खरं सांगू? थापाड्याचं मला वावडं नाही. मालवणी गजालीत थाप हवीच, नाहीतर ती गजाल कसली! थापाड्या वाघ मारतो तो चार माणसं हसावीत म्हणून. बढाईखोरही वाघ मारतो, पण वर विचारतो, "तुमी काय मारलास?" मी आयुष्यात डास सोडून काही मारलेलं नाही, आणि हे त्यांना चेहऱ्यावरून कळलेलं असतं.

पानवल नदीवरचा 64 मीटर उंचीचा पूल आला. अख्खा डबा खिडकीशी. हे म्हणाले, "ह्येच्यापेक्षा उंच बिल्डिंगीत मी दहा वर्सां ऱ्हवलंय."

नांदगावला पुन्हा क्रॉसिंग. तेव्हा कोपऱ्यातले आजोबा, जे रोह्यापासून झोपले आहेत असा माझा समज होता, डोळे न उघडता म्हणाले, "ह्येका काय फेकूक येता! आमच्या वाडीत एकलो आसा. तसो थापाड्यो दशक्रोशीत गावाचो नाय."

गृहस्थ क्षणभर गप्प झाले. मग पुढे सरकून म्हणाले,

"कोण, त्यो? त्येका मियाच तयार केलंय!"