सीझरचं नाव ज्युलियस नव्हतं, आणि रोमन बायका नवऱ्याचं आडनाव लावत नव्हत्या

रोमन नावांबद्दल तीन गोष्टी सतत फॉरवर्ड होत असतात: ज्युलियस हे नाव आणि सीझर हे आडनाव; आईचं पोट फाडून जन्मला म्हणून तो सीझर; आणि रोमन बायकांना नावच नसे, लग्नानंतर त्या नवऱ्याचं आडनाव लावत.

सीझरचं पूर्ण नाव गायस ज्युलियस सीझर. स्वतःचं नाव गायस, ज्युलियस हे कुळाचं आणि सीझर हे त्या कुळातल्या एका शाखेचं. हे तिसरं नाव सगळ्यांना असायचंच असंही नाही. मार्कस अँटोनियसला, म्हणजे आपल्या मार्क अँटनीला, ते नव्हतं.

आपण सर्रास 'तिचं सिझर झालं' म्हणतो, त्यामुळे दुसरी गोष्ट चटकन पटते. पण इ.स.पू. 208 मध्ये सेक्स्टस ज्युलियस सीझर नावाचा प्रेटर (रोममधला वरिष्ठ अधिकारी) होता आणि हा सीझर जन्मला इ.स.पू. 100 मध्ये. नाव त्याच्याआधीच घराण्यात होतं. शिवाय त्याची आई ऑरेलिया इ.स.पू. 54 पर्यंत हयात होती. त्या काळी अशा शस्त्रक्रियेतून बाई वाचणं जवळपास अशक्यच.

तिसऱ्या गोष्टीचा मात्र मला खरोखर राग येतो, कारण ती अर्धी खरी आहे. लॅटिनमध्ये कुळनाव हे व्याकरणाने विशेषण असतं. काळा-काळी-काळं तसं ते लिंगाप्रमाणे बदलतं. गायस फ्लॅमिनियसने इ.स.पू. 220 मध्ये रोमपासून आजच्या रिमिनीपर्यंत रस्ता बांधायला घेतला. रस्त्यासाठीचा 'व्हिआ' हा शब्द स्त्रीलिंगी, म्हणून तो व्हिआ फ्लॅमिनिया. त्या कुळातली मुलगीही फ्लॅमिनियाच. सीझरच्या दोन्ही बहिणी ज्युलिया, मुलगीही ज्युलिया. बहिणींमध्ये फरक करायचा तो थोरली-धाकटी म्हणून. मुलींना वेगळं नाव क्वचितच मिळे, हे खरंच आहे आणि ते खटकायलाच हवं.

पण जे नाव होतं ते माहेरचं, आणि लग्नाने ते बदलत नसे. कार्थेजचा सेनापती हॅनिबल याला हरवणारा स्किपिओ कॉर्नेलियस कुळातला, म्हणून त्याची मुलगी कॉर्नेलिया. नवरा टायबेरियस सेम्प्रोनियस ग्रॅकस, तरी ती शेवटपर्यंत कॉर्नेलियाच राहिली. सेम्प्रोनिया झाली ती तिची मुलगी. त्या मुलीचं लग्न कॉर्नेलियस कुळात दत्तक गेलेल्या स्किपिओ एमिलियानसशी झालं. दत्तक गेल्यावर कुळनाव बदललं ते त्याचं, आणि एमिलियस या जन्मकुळाची खूण म्हणून 'एमिलियानस' मागे उरलं. सेम्प्रोनिया मात्र लग्नानंतरही सेम्प्रोनियाच राहिली.