२५३ ठोसे लागले, तरी फेऱ्या किती मिळाल्या?

नमस्कार,

मॅनी पॅकियाओ विरुद्ध टिमोथी ब्रॅडली या ९ जून २०१२ च्या बॉक्सिंग लढतीबद्दल मी जे लिहिलं, त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. पॅकियाओचे २५३ ठोसे लागले आणि ब्रॅडलीचे १५९, तरी ब्रॅडलीला विजेतेपद मिळालं. ही उघड चोरी असून मी तिच्यावर पांघरूण घालतोय. लढत दाखवणाऱ्या एचबीओ वाहिनीवर अनधिकृत गुण देणारे हॅरॉल्ड लेडरमन यांनी ११९-१०९ असे गुण पॅकियाओला दिले होते. त्यांच्यासारख्या जाणकाराला मी पक्षपाती ठरवतोय. आणि परीक्षक सी. जे. रॉस यांनी पुढच्याच वर्षी काय केलं ते पाहिलं की सगळं स्पष्ट होतं.

आधी माझी चूक. ब्रॅडलीच्या बाजूचे ११५-११३ हे गुण "समजण्यासारखे" आहेत असं मी लिहिलं होतं. ते वाक्य मागे घेतो. फेरी जिंकणाऱ्याला सहसा दहा गुण आणि हरणाऱ्याला नऊ, म्हणून ११५-११३ म्हणजे ब्रॅडलीला बारापैकी सात फेऱ्या. बरीच ओढाताण केली तर पाच सापडतात. सात सापडत नाहीत. माझ्या हिशेबाने पॅकियाओ ११६-११२ ने जिंकला, म्हणजे आठ फेऱ्या त्याच्या. निकाल चुकला यावर आपलं एकमत आहे. वाद आहे तो किती चुकला आणि कशामुळे, यावर.

आता ठोशांचा आकडा. तो कॉम्प्युबॉक्स या ठोसे मोजणाऱ्या कंपनीचा आहे, आणि ही मोजणी यंत्र करत नाही. रिंगजवळ दोन माणसं बसतात, प्रत्येक जण एकाच बॉक्सरवर नजर ठेवतो आणि चार बटणं दाबतो: जॅब लागला, जॅब चुकला, पॉवर पंच लागला, पॉवर पंच चुकला. "पॉवर पंच" या नावाने फसू नका. जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, सोडून बाकी प्रत्येक ठोसा त्यात येतो. बाजूने वळवून मारलेला हलकासा हुकसुद्धा आणि गुडघे लटपटवणारा मागच्या हाताचा क्रॉससुद्धा. या लढतीत पॅकियाओचे १९० पॉवर पंच नोंदले गेले, ब्रॅडलीचे १०८. त्यातले किती जोरात बसले हे त्या आकड्यात कुठेच नाही.

त्याहून मोठी अडचण बेरजेची आहे. बॉक्सिंगमध्ये लढतीला एकत्र गुण नसतात, तीन मिनिटांच्या प्रत्येक फेरीला वेगळे असतात. समजा, एका बॉक्सरने चार फेऱ्यांत प्रत्येकी २५ ठोसे जास्त मारले आणि उरलेल्या आठ फेऱ्यांत प्रत्येकी दोन कमी. एकूण ८४ ठोशांनी तो पुढे, पण ठोसे मोजून फेऱ्या दिल्या तर चार विरुद्ध आठ अशी हार. कारण निसटती फेरीही १०-९ आणि नॉकडाउनशिवायची (कोणी खाली न पडलेली) एकतर्फी फेरीही बहुतेक वेळा १०-९ च. या लढतीत असं झालं नाही हे खरं. बारापैकी दहा फेऱ्यांत पॅकियाओचे ठोसे जास्त मोजले गेले, आणि निकाल चुकला असं मी म्हणतो ते त्यामुळेच. मात्र त्यासाठी फेरीवार आकडे पुढे करा. २५३ आणि १५९ पुरेसे नाहीत.

लेडरमन यांच्याकडे वळतो, कारण माझ्या लेखाचा खरा विषय तोच होता. त्यांचा हेतू वाईट होता असं मी कुठेही म्हटलेलं नाही. ते स्वतः अनेक वर्षं अधिकृत परीक्षक होते. पण निकालानंतर डब्ल्यूबीओने (ज्या बॉक्सिंग संघटनेचं विजेतेपद पणाला होतं तिने) पाच परीक्षकांना व्हिडिओवरून ही लढत पुन्हा तपासायला लावली, त्यांचे गुण पाहा: ११८-११०, दोघांचे ११७-१११, ११६-११२ आणि ११५-११३. पाचही जणांनी पॅकियाओला जिंकवलं. पण ११९-१०९ एकानेही दिले नाहीत, आणि एकाने तर लढतीच्या रात्री पॅकियाओला जिंकवणारे तिसरे परीक्षक जेरी रॉथ यांच्याइतकेच, ११५-११३ दिले. म्हणजे ब्रॅडलीला दोन ते पाच फेऱ्या. लेडरमन यांनी दिली एक. तुम्ही ज्याला प्रमाण मानताय ते कार्ड, म्हणजे गुणपत्रक, पॅकियाओला विजयी ठरवणाऱ्यांच्याही टोकाला आहे.

आणि घरी बसलेल्या प्रेक्षकाने ऐकलं ते हेच कार्ड. ते कसं काम करतं, ते लेखात मी घाईने उरकलं होतं. समालोचकाचा आवाज ठोसा बसण्याच्या क्षणीच येतो, आणि डोळा गोंधळला की कान निर्णय देतो. पॅकियाओचा चार ठोशांचा झपाटा येतो, त्यातले दोन ब्रॅडलीच्या कोपरांवर आणि ग्लोव्हजवर अडतात, पण आवाज चढलेला असतो आणि प्रेक्षकाच्या मनात चार जमा होतात. ब्रॅडलीचा बरगडीवरचा जॅब शांतपणे बसतो, त्यावर कोणी बोलत नाही, तो गळून जातो. फेरी संपली की एका मिनिटात दोनतीन रिप्ले दिसतात. ते निवडले जातात समालोचनात रंगलेल्या सूत्राला धरूनच. लढत चालू असतानाच "अनधिकृत गुण" पडद्यावर आले की पुढची अटीतटीची फेरी आघाडीवरच्याकडे झुकते, कारण प्रेक्षक ती कोऱ्या पाटीवर बघतच नाही. परीक्षकाला यातलं काही ऐकू येत नाही. रिंगच्या तीन वेगवेगळ्या बाजूंना ते तिघे बसतात आणि प्रत्येक फेरीचे गुण फेरी संपताच द्यावे लागतात. मागे जाऊन दुरुस्ती नाही.

या बसण्याचाही तोटा असतो. मार्च १९९९ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनला लेनॉक्स लुईस आणि इव्हँडर होलिफील्ड यांची लढत बरोबरीत सुटली. युजिनिया विल्यम्स यांनी पाचवी फेरी होलिफील्डला दिली होती, जिच्यात लुईसने त्याला दोरांवर दाबून झोडपलं होतं. छायाचित्रकार आड येत होते असं त्यांनी नंतर सांगितलं आणि व्हिडिओ पाहिल्यावर ती फेरी लुईसची असल्याचं मान्य केलं. वाईट परीक्षण सिद्ध करायचं तर असं करा: एका फेरीवर बोट ठेवा.

रॉस यांच्याबद्दल थोडक्यात. सप्टेंबर २०१३ मध्ये फ्लॉइड मेवेदर आणि कॅनेलो अल्वारेझ यांच्या लढतीला त्यांनी दिलेले ११४-११४, म्हणजे बरोबरीचे गुण, मलाही पटत नाहीत. पण २०१२ ला ब्रॅडलीला ११५-११३ देणारे दोन परीक्षक होते, एक रॉस आणि दुसरे ड्वेन फोर्ड. रॉस यांच्या नंतरच्या कार्डावरून फोर्ड यांचं आधीचं कार्ड समजत नाही. भ्रष्टाचाराचं म्हणाल, तर बॉब अॅरम यांच्या मागणीवरून नेवाडाच्या अॅटर्नी जनरल कार्यालयाने चौकशी केली होती आणि तिच्यात गुन्हा घडल्याचं काही आढळलं नाही. अॅरम दोन्ही बॉक्सरांचे प्रवर्तक (लढती ठरवणारे आणि भरवणारे) होते हेही ध्यानात घ्या.

माझी एक विनंती आहे. लढत आवाज पूर्ण बंद करून बघा, कोपऱ्यातले आकडे दिसत असतील तर तेवढा भाग कागदाने झाका. प्रत्येक फेरी संपताच थांबवा, रिप्ले सुरू होण्याआधी गुण लिहा, आणि बाजूला एक खूण करा: "नक्की", "बहुधा" किंवा "कोणाचीही". आधी स्वच्छ बसलेले ठोसे बघा. प्रभावी आक्रमण, रिंगवरचा ताबा आणि बचाव यांच्याकडे तिथे फरक पडत नसेल तरच वळा. शेवटच्या तीस सेकंदांतल्या झपाट्याने आधीची अडीच मिनिटं पुसू देऊ नका. बारा फेऱ्यांचे गुण खुणांसकट इथे लिहा. "नक्की" म्हणून पॅकियाओच्या किती निघतात ते मला पाहायचं आहे. माझ्या सहा आहेत. तुमच्या दहा निघाल्या, तर आपण त्या चार फेऱ्या एकेक करून तपासू आणि गरज पडली तर मी लेख दुरुस्त करीन.