माझ्या आधारच्या झेरॉक्सचा मालक कोण?

साताऱ्यात पाव किलो कंदी पेढे घ्यायचे म्हटले, तरी हल्ली पैशांच्या आधी मोबाइल नंबर द्यावा लागतो. कशाला हवा म्हणून विचारले, तर काउंटरवरचा मुलगा ‘त्याशिवाय बिल निघत नाही, काका’ म्हणतो आणि मागची रांग आपणच काहीतरी लपवत असल्यासारखी आपल्याकडे पाहू लागते. पेढे संपायच्या आत कर्ज हवे का, प्लॉट हवा का, असे फोन सुरू होतात. नंबर त्याच दुकानातून फुटला हे सिद्ध करता येत नाही, आणि सगळ्यांचे नेमके तेवढ्यावरच फावते.

नंबराचे एक वेळ सोडून देऊ. सरकारी कचेऱ्यांभोवतीच्या कोणत्याही झेरॉक्सच्या दुकानात थोडा वेळ उभे राहून पाहावे. संगणकावर व्हॉट्सॲप उघडेच असते आणि अनोळखी नंबरांच्या त्या लांबलचक यादीत कुणाचे आधार, कुणाच्या मुलीचा जातीचा दाखला, कुणाच्या पासबुकाचे पहिले पान असे सगळे राजरोस पडलेले असते. प्रिंट दिल्यावर फाइल पुसायची असते, हे तिथे कुणाच्या गावीही नसते. बिघडलेली प्रिंट फाडण्याऐवजी पाठकोरा कागद म्हणून हिशेबाला वापरतात, त्यामुळे आपल्या हिशेबाच्या चिठ्ठीमागे भलत्याच माणसाचा पॅन क्रमांक घरी येतो!

महाबळेश्वरच्या लॉजवर शेवटचे 4 अंकच दाखवणारे मास्क्ड आधार पुढे केले, तर ‘असले चालत नाही’ हे ठरलेले उत्तर. ही सोय खुद्द आधार प्राधिकरणाने दिलेली आहे, हे सांगून उपयोग नसतो. त्याच प्राधिकरणाच्या बंगळूर कार्यालयाने मे 2022 मध्ये आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका असे बजावले होते; पण लोकांचा गैरसमज होईल, या सबबीवर ते पत्रक दोनच दिवसांत मागे घेण्यात आले.

खरा संताप येतो तो कायद्याचा. चित्रपटाची चोरटी नक्कल केली, तर 2023 च्या दुरुस्तीनुसार 3 वर्षांपर्यंत कैद आणि निर्मितीखर्चाच्या 5 टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. होऊ दे, निर्मात्याचे पैसे बुडू नयेत. (टेलिग्रामवर पिक्चर यायचे थांबलेले नाहीत, हा भाग वेगळा.) पण माझ्या कागदपत्रांच्या नकलेचे काय? खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायाधीशांनी 2017 मध्ये एकमुखाने सांगितले. त्यानंतर वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा यायला 2023 आणि त्याचे नियम यायला नोव्हेंबर 2025 उजाडले, शिवाय मुख्य तरतुदी लागू व्हायला आणखी 18 महिन्यांची सवलत. त्यातही सुरक्षा आणि सुव्यवस्थेचे कारण पुढे करून केंद्र सरकार आपल्या हव्या त्या यंत्रणेला या कायद्यातून वगळू शकते, म्हणजे ज्याच्या पाळतीची धास्ती घ्यावी तोच मोकळा. दंड 250 कोटींपर्यंत असला तरी तो सरकारी तिजोरीत जाणार. ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई देण्याची तरतूदच नाही. उलट खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली म्हणून त्यालाच 10 हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. आता त्या पाठकोऱ्या कागदाची तक्रार करायची, तर ती क्षुल्लक ठरणार नाही, याची हमी मला कोण देणार?