"हुशार आहेस" म्हणण्यापेक्षा त्याचा जुना कागद दाखवा

सहावी ते आठवीच्या मुलांचं कौतुक निकालाच्या दिवशी एका वाक्यात उरकलं जातं, "छान मार्क मिळाले, असाच अभ्यास कर." 'असाच' म्हणजे कसा, हे मुलाला कुठे ठाऊक असतं? माझं ठाम मत आहे, या वयात स्वतःवरचा विश्वास शाबासकीने बसत नाही, पुराव्याने बसतो. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये हेच मांडलं. "मला जमेल" असं वाटायला लावणाऱ्या गोष्टींत स्वतः करून जमल्याचा अनुभव सगळ्यांत भक्कम. दुसऱ्याने "तुला जमेल" म्हणणं त्यामानाने कच्चं.

हा पुरावा जमवायला फार काही लागत नाही. एखादा घटक सुरू करताना १० उदाहरणांचा कागद सोडवून घ्या. मार्क देऊ नका, फक्त तारीख घालून ठेवून द्या. आठ आठवड्यांनी तीच उदाहरणं कोऱ्या कागदावर पुन्हा द्या आणि दोन्ही कागद मुलासमोर शेजारी ठेवा. परीक्षेचे मार्क इथे उपयोगाचे नाहीत. एक पेपर सोपा निघतो, दुसरा अवघड. ६२ चे ५८ झाले म्हणजे मूल मागे पडलंच असं नाही.

अपूर्णांकांचंच बघा. १/२ + १/३ = २/५ लिहिणारी मुलं जवळपास प्रत्येक वर्गात असतात. वरचे आकडे वर मिळवले, खालचे खाली. फुली मारून मोकळं होऊ नका. विचारा, "२/५ हे अर्ध्यापेक्षा जास्त की कमी?" अर्ध्यात भर घातली आणि उत्तर अर्ध्याहून कमी आलं! हे मुलाच्या स्वतःच्या लक्षात आलं पाहिजे, त्यासाठी दोन मिनिटं गप्प बसावं लागलं तरी बसा. तेच मूल पुढे छेद ६ करून ३/६ + २/६ = ५/६ मांडतं, तेव्हा त्याला जुना २/५ दाखवा. या कौतुकाला भाषण लागत नाही.

बोलायचंच तर नेमकं बोला. "छेद आधी समान केलेस, म्हणून जमलं." क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक यांनी १९९८ मध्ये पाचवीतल्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. "हुशार आहेस" असं कौतुक झालेली मुलं अवघड प्रश्नांत अडल्यावर लवकर खचली; मेहनतीचं कौतुक झालेली टिकून राहिली. पण नुसतं "मेहनत केलीस" हेही पुरेसं नाही. चुकीच्या पद्धतीने तासन्‌तास घासणाऱ्या मुलाला त्यातून वाट सापडत नाही.

आणि हे कागद भिंतीवर लावू नका, कृपा करून. तुलना कालच्या स्वतःशी असते, ती लगेच शेजारच्या बाकावरच्या मुलाशी सुरू होते.

दोन्ही कागद सारखेच निघाले तर? तर मुलाला बोल लावू नका, एक पायरी मागे जा. बहुतेक वेळा सममूल्य अपूर्णांक किंवा पाढे कच्चे असतात. रोज १० मिनिटं, पाचच उदाहरणं, आणि दोन आठवड्यांनी नवा कागद.