पाय बांधून झोपल्याने गुडघे सरळ होत नाहीत, पडण्याचा धोका मात्र वाढतो

‘गुडघे वाकडे असले की तोल जाणारच. रात्री दोन्ही पाय पट्ट्याने घट्ट बांधून झोपा, 21 दिवसांत सरळ होतील. तोवर चालणं बंद.’ हा संदेश फिरत फिरत मावशीच्या फोनवर पोचला आणि ती पट्टा शोधू लागली. म्हणून हे लिहितोय.

आधी पट्ट्याचं बोलू. वाढीचं वय संपलं की हाडांच्या टोकांजवळचा वाढीचा भाग बंद होतो. त्यानंतर बाहेरून कितीही आवळलं तरी हाडाची दिशा बदलत नाही. नुकसान मात्र होतं. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, हाडाचं एक टोक हाताला लागतं. त्याला वळसा घालून एक नस कातडीच्या अगदी जवळून जाते. पट्टा रात्रभर तिथे रुतला तर पाऊल वर उचलण्याची ताकद जाऊ शकते. मग चालताना बोटं जमिनीला अडकतात आणि माणूस तोंडावर पडतो. रात्री लघवीला घाईने उठताना पाय बांधलेले असले तर काय होईल, हे या संदेशवाल्यांना सुचलंच नाही का?

वाकडेपणाचा काहीच संबंध नाही असं नाही, तेवढं मान्य. पाय बाहेर बाकलेले असतील तर भार गुडघ्याच्या आतल्या बाजूवर जास्त येतो, झीज आणि दुखणं वाढू शकतं. पण तोल डोळे, आतला कान, तळपायाची जाणीव आणि स्नायू मिळून सांभाळतात. मांडीचा पुढचा स्नायू कमजोर झाला की गुडघा अचानक दगा देतो.

म्हणूनच ‘चालणं बंद’ हा सल्ला उलटा आहे. कोक्रेन ही संस्था अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासते. तिच्या 2019 च्या आढाव्यात 108 चाचण्या आणि 23 हजारांहून अधिक वयस्कर लोक होते. व्यायामाने पडण्याचं प्रमाण सुमारे 23 टक्क्यांनी घटलं. हाड कुणाचंही सरळ केलं नव्हतं.

खुर्ची भिंतीला टेकवा. पावलं किंचित मागे घ्या, पुढे झुका, हात न टेकता उठा आणि सावकाश बसा. गुडघे आत झुकू देऊ नका. 8 ते 10 वेळा जमेल तेवढं. जड गेलं तर बैठक उशीने उंच करा. मग टेबलाशेजारी एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून उभे राहा. 10 सेकंदही टिकता येत नसेल तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. काठी लागत असेल तर दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरा. आणि बाक अलीकडेच, एकाच पायाला आला असेल किंवा गुडघा सुजून अडकत असेल, तर आधी अस्थितज्ज्ञाकडे जा.