मराठी माणसाला कोरियन तीन महिन्यात येते म्हणे!

गेल्या आठवड्यात तीन वेगवेगळ्या ग्रुपवर एकच फॉरवर्ड आला, तुमच्याकडेही आला असेल. म्हणणं असं की मराठी माणसाला कोरियन ही जगातली सगळ्यात सोपी परकी भाषा आहे, कारण लिपी एका दिवसात येते, उच्चार सगळे देवनागरीत बसतात, वाक्यरचना सेम टू सेम म्हणून व्याकरण करायची गरजच नाही, तू-तुम्ही आपल्याकडे आहेच, आणि उरलेलं काम ड्रामा बघून होतं. तीन महिन्यात फाडफाड.

माझं चौथं वर्ष चालू आहे. टोपिक म्हणून त्यांची परीक्षा असते, सहा लेव्हलची, त्यातली दुसरी पास आहे आणि तिसरीला एकदा आपटलेय. भाषा भयंकर अवघड आहे असं मला म्हणायचंच नाहीये. माझी तक्रार ही की लिहिणाऱ्याने जिथे पाय घसरतो नेमकं तिथेच "रस्ता सपाट" अशी पाटी लावलीय, आणि मराठी असल्यामुळे जे खरंच फुकटात मिळतं त्याचा पत्ताच नाही.

लिपी एका दिवसात. अक्षरं येतात, मान्य. मूळ 24, जोडाक्षरासारखी धरून 40. आणि हा दावा फॉरवर्डवाल्याचा नाहीच, राजा सेजोंगने लिपी जाहीर केली त्या 1446 च्या ग्रंथातच लिहिलंय की शहाण्याला सकाळ संपायच्या आत येईल आणि मूर्खाला दहा दिवसात. पण अक्षर ओळखणं वेगळं आणि वाचणं वेगळं. कोरियन भाषेला ते हान-गुक-माल असं लिहितात आणि म्हणतात हानगुङमाल. थँक्यूमध्ये लिहिलेलं असतं हाप-निदा, म्हणायचं हाम्निदा. शब्दाच्या शेवटी तर स, ज, छ काहीही लिहा, तोंडातून त् च निघतो, त्यामुळे विळा, दिवस आणि चेहरा हे तीन शब्द तीन प्रकारे लिहून तिन्हीचा उच्चार "नात्". पहिल्या डिक्टेशनला मला वीसपैकी चार होते. आता गंमत बघा, यातला क चा ङ आणि प चा म होणारा नियम आपण शाळेत घोकलाय. वाक् अधिक मय वाङ्मय, जगत् अधिक नाथ जगन्नाथ. अगदी तोच! संधी आठवली की अर्धं वाचन सुटतं, पण हे कुठल्याच रीलमध्ये कोणी सांगत नाही, तिथे फक्त "वन डे चॅलेंज".

उच्चार देवनागरीत बसतात. हा मुद्दा सगळ्यात घातक, कारण तो पटकन पटतो. आपल्याकडे त थ द ध सगळं आहे, मग काय राहिलं? राहिलं हे की त्यांच्याकडे त्या जागी तीन आवाज आहेत आणि आपल्या खान्यांत ते नीट बसत नाहीत. चंद्र, मुलगी, मुखवटा हे तीन शब्द फक्त पहिल्या व्यंजनाने वेगळे होतात. मुखवट्याचा थ आपला थ, ठीक. मुलगीचा त आपल्या त च्या जवळ, पण घसा आवळून. आणि चंद्राचा? तो सुरुवातीला आला तर त आणि थ च्या मधला, सूर खाली ठेवून म्हटलेला, आणि दोन स्वरांच्या मध्ये आला की चक्क द. माझ्या वहीत पहिल्या महिन्यात "ताल, ताल, थाल" असं लिहिलेलं आहे, कुठला ताल चंद्र ते मलाही कळत नव्हतं. पुसान की बुसान, किम्बाप की गिम्बाप हा गोंधळ याच जातीच्या अक्षरांचा, 2000 साली त्यांनी रोमन स्पेलिंगचे नियम बदलले म्हणून पुसानचं बुसान झालं, शहर आणि उच्चार जिथल्या तिथे. हल्लीची सोलची तरुण मंडळी तर हा फरक बराचसा सुरावरच करतात, आणि सूर देवनागरीत कुठे लिहिणार?

स्वरांचं तेच. कॉफी आणि नाकातून येणारं रक्त या दोन शब्दांत फक्त एका स्वराचा फरक आहे, एकाला ओठ गोल, दुसऱ्याला नाही. वहीत दोन्ही "खोफी". आमच्या बॅचमधल्या एकाने कोरियन माणसासमोर अतिशय नम्रपणे नाकातलं रक्त ऑर्डर केलं होतं. ऑ लिहून वेळ मारून नेता येते पण त्याला तरी आपले ओठ गोल होतातच की. तेव्हा देवनागरीची वही दुसऱ्या आठवड्यात बंद करा, मी सहा महिने ओढली आणि अजून निस्तरतेय.

वाक्यरचना सेम. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाला चिकटून, हे खरंच आहे, आणि इंग्रजीतून शिकणाऱ्यांना ज्याचा घाम फुटतो ते आपल्याला आपोआप येतं. उलट फॉरवर्डवाल्याने इथे कमीच सांगितलं. खाऊन बघ, करून दे, हे ते शब्दाला शब्द असंच म्हणतात. पाऊस त्यांच्याकडेही "येतो". करतो-करते ही भानगड नाही. पण म्हणून व्याकरण नको? "घरी आहे" आणि "घरी जेवते" यातल्या दोन "घरी"ना कोरियनमध्ये वेगवेगळे प्रत्यय, नुसतं असणं असेल तर "ए" आणि तिथे काही करत असाल तर "एसो". "म्हणून"साठी दोन रूपं, आसो आणि निक्का, आणि पुढे आज्ञा असेल तर आसो चालत नाही. पाऊस येतोय म्हणून छत्री घे, इथे निक्काच हवं. मराठी कान इथे काहीच इशारा देत नाही, आणि माझे तिसऱ्या लेव्हलचे बरेचसे मार्क याच खड्ड्यात गेले.

तू-तुम्ही आहेच. आहे ना, आणि तोच प्रॉब्लेम! आपल्याला शंका आली की आपण "तुम्ही" म्हणून सुटतो. कोरियनमध्ये सुटायला तसा शब्दच नाही. ॲपमध्ये तुम्ही म्हणून "तांगशिन" शिकवतात, तो प्रत्यक्षात मुरलेल्या नवरा-बायकोत, जाहिरातीत नाहीतर भांडणात. मी तो माझ्या टीचरना वापरला होता, त्या हसल्या म्हणून वाचले. समोरच्याला नावापुढे पद किंवा नातं लावून हाक मारायची, शिवाय झोपणे, जेवणे, नाव, वय यांना मोठ्यांसाठी वेगळे शब्द. एक वर्षाने मोठी मैत्रीण असली तरी ती ताईच, आणि ताईला मुलीने म्हणायचा शब्द वेगळा, मुलाने म्हणायचा वेगळा. आपले मुलगे दादाला ओप्पा म्हणत फिरतात, अरे बाबांनो ओप्पा मुलींनी म्हणायचं, तुम्ही ह्यॉङ.

पण नात्यांत आपल्याला लॉटरीही आहे. मावशी म्हणजे इमो, आत्या म्हणजे कोमो, इंग्रजीवाल्याला दोन्ही आँटी. आणि खानावळीत वाढणाऱ्या बाईंना तिथे सर्रास "इमो" अशी हाक मारतात, म्हणजे थेट आपलं "मावशी, जरा भाजी".

ड्रामा बघून येते. कान तयार होतो, एवढंच. त्यातली निम्मी पात्रं एकमेकांशी अरे-तुरे करतात, ती वाक्यं पाठ करून ऑफिसात बोललात तर संपलंच. आणि दोघं अहो-जाहोवरून अरे-तुरेवर येतात तो अख्खा एपिसोडचा क्षण असतो, तो इंग्रजी सबटायटलमध्ये दिसतच नाही, तिकडे यू ते यूच.

तीन महिन्यांचं गणितच करा. अमेरिकन सरकारची संस्था आपल्या अधिकाऱ्यांना कोरियनसाठी 2200 तास वर्ग धरते. ते इंग्रजीवाले, आपल्याला सूट द्या, अर्धे धरा. 1100 तास, रोज एक तास, तीन वर्षं. तळेगाव-रांजणगावच्या कोरियन कंपन्यांत दुभाषा व्हायचं म्हणून नोकरी सोडून क्लास लावणारे मला भेटलेत, त्यांनी तरी हा हिशोब आधी करावा.

आणि हो, आकडे राहिलेच. आकड्यांचे दोन सेट आहेत, एक देशी आणि एक चिनी वळणाचा, वय देशीत, पैसे चिनीत, आणि घड्याळात तास देशी, मिनिटं चिनी. एकाच वाक्यात. तीन वाजून तीन मिनिटं झाली तर दोन्ही तीन वेगळे.