प्रेम करायचंय ना? मग आधी घसा साफ करा

दोन एकर सोयाबीन, खिशात रिचार्ज मारलेला मोबाईल आणि मनात एखादी पोट्टी, एवढ्यावर प्रेम जमतं असा तुमचा समज असेल तर तो काढून टाका भाऊ. भाषा कुठंय? 'तू मले लय आवडते' असं कोणत्या हिरोनं म्हटलंय आजवर? 1931 ला आलम आरानं पडदा बोलता केला तेव्हापासून हिरोला इश्क होतो नाहीतर मोहब्बत होते, आवडबिवड आपल्यासारख्यांना, तेही भजे. पोस्टरवर हिंदी सिनेमा म्हणतात खरं पण गाणी लिहिली कोणी, तर साहिर, मजरूह, शकील बदायुनी, सगळे उर्दूतले शायर. तेव्हा वऱ्हाडी गुंडाळून ठेवा, ती बैलांसाठी.

सुरुवात नुक्त्यापासून करायची. ख च्या खाली टिंब दिसला की आवाज पार घशातून काढायचा, मासोळीचा काटा अडकल्यासारखा. घरचे पाणी घेऊन धावतील, धावू द्या. ज़ ची काळजी नको, 'जाऊ दे बे' मधला ज थोडा घासून वापरला की जवळपास तोच. मग 'जिगर' घ्या. जिगर म्हणजे यकृत बरं का, हृदय नाही, म्हणजे रविवारी खाटकाला आपण पावशेर जास्तीची मागतो ती कलेजी. हे पोरीला सांगायचं नाही.

वायदा करताना मुदत मोठी ठेवा. आमच्या एका दोस्तानं फोनवर म्हटलं, मैं क़यामत तक इंतज़ार करूंगा. ती म्हणे, "कयामत राहू दे, साडेपाचची यष्टी चुकली तर माहा बाप मले घरात घेणार नाई, तू फाट्यावर पाच वाजता ये." आता याला काय रोमान्स म्हणायचं? 2014 ला जिंदगी चॅनेलवर पाकिस्तानी मालिका लागायच्या तेव्हा त्यातला नवरा बायकोला 'आप' म्हणताना ऐकून मीपण घरी एकदा म्हणून पाहिलं, चुलीपुढून उत्तर आलं, "कुठून पिऊन आले?"

आणि गंमत अशी की हे शब्द शिकायला तुम्हाला कुठं जायचंही नाही. खरीप अरबी, रब्बी अरबी, कर्ज, अर्ज, जप्ती, मंजूर तिकडूनच आलेले, हप्ता आणि कास्तकार फारसी. अचलपूरची इमादशाही गेली, निजाम गेला, इंग्रज गेला, हे शब्द मात्र तलाठ्याच्या दप्तरात मुक्कामाला राहिले. जे मुंबईला गेले ते प्रेमात पडले, जे आपल्याकडे राहिले ते तहसीलमध्ये कामाला लागले, एवढाच फरक. पडद्यावर हिरोईन लाजून इकरार करते, आपल्याकडे सोसायटीचं पीककर्ज उचललं की सातबाऱ्यावर इकराराची नोंद चढते.

म्हणून शेवटची सूचना, बोलताना आजूबाजूला कोण आहे ते पाहा. त्याच दोस्ताला पोरीनं हो म्हटलं त्या रात्री तो अंगणात खाटेवर पडून फोनवर कोणाला तरी सांगत होता, इकरार हो गया यार, आज इकरार हो गया. बाप ओट्यावर तंबाखू मळत बसलेला, त्याचा अंगठा तिथंच थांबला.

"काऊन बे, मागच्या सालचंच फिटलं नाई, अन् तू आणखी कितीचं उचललं?"